गोऱ्या शिळेने ओ दिली नाही

फार पूर्वीची गोष्ट. पृथ्वीवर अजून पहिली चूलसुद्धा पेटली नव्हती, तेव्हाची.

मंगळाच्या पलीकडे आणि गुरूच्या अलीकडे सूर्याभोवती दगडांचा मोठा पट्टा फिरतो. त्याच्या बाहेरच्या कडेला ऊब कसली ती नाही. तिथले बहुतेक दगड कोळशासारखे काळे. त्यांच्यात एकच शिळा गोरी. तिच्याभोवती तिची लेक फिरायची, एक चिमुकली कपची.

तिथे थांबायची सोय नाही. फार तर जराशी कूस वळवता येते. म्हणून एक रीत होती. दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे एका शिळेने हाक मारायची, "वरून जातेस की खालून?" दुसरीने ओ देऊन सांगायचं. मग पहिलीने उलट बाजू धरायची. संपलं.

गोरी कधी ओ देत नसे. "ह्या कोळशांशी मी बोलू?" म्हणायची. काळ्या बिचाऱ्या अंदाजाने बाजूला व्हायच्या. गोरीला वाटायचं, आपला मान राखतात. मान कसला! जीव वाचवत होत्या.

एकदा समोरून एक म्हातारी काळी शिळा आली.

"अगं ए गोरे! वरून जातेस की खालून?"

गोरी आपल्याच तोऱ्यात पुढे येत राहिली.

"बाई गं, माझं अंग आता पटकन वळत नाही. तोंड उघड की! का दातखीळ बसली?"

कपची रडकुंडीला आली. "आई, ओ दे ना. आजी जवळ आली."

"कोण आजी? तिचं ती बघेल. आजवर सगळ्यांनी बघितलंय."

"मग मी देऊ ओ?"

"खबरदार!"

म्हातारी अंदाजाने खाली वळली. आता मात्र गोरी घाबरली. तीही वळली, आणि वळली ती खालीच.

दोघी आदळल्या. म्हातारीची एक बाजू कायमची गेली. गोरीचे शंभर तुकडे झाले. कपची उडाली ती थेट गुरूच्या दिशेने. "आई! आई गं!" ती हाका मारत गेली. शंभर तुकड्यांनी शंभरदा ओ दिली. काय उपयोग? गुरूने ओढलेलं परत येत नाही.

ते तुकडे अजून त्याच वाटेने फिरतात. आता कुणीही हाक मारो, शंभर ठिकाणांहून ओ येते. कपचीची हाक मात्र पुन्हा आली नाही.

तोऱ्यापायी जी हाकेला ओ देत नाही, तिच्या तोऱ्याची शिक्षा तिचं लेकरू भोगतं.