तीन चुलींचा धूर

खाडीकाठी एक गाव होतं. गावाची वस्ती टेकडीपलीकडे, आणि अलीकडे धक्क्यावर तीनच घरं. त्यांत केशवभट, दादामियाँ आणि इनास राहत. माणसं भली, पण आपापल्या उपासाचा तिघांनाही भारी तोरा. "आमच्यासारखा कडक उपास तुम्हाला जन्मात जमायचा नाही," हे एकमेकांना ऐकवल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नसे.

एका वर्षी केशवभटांची संकष्टी, दादामियाँचा रोजा आणि इनासचा गुड फ्रायडे एकाच दिवशी आले. मग काय, पैज लागली! सूर्य मावळेपर्यंत ज्याच्या घरातून धूर निघेल तो हरला. त्याने पाटलांसमोर, भर गावात, आपला उपास लटका असल्याचं कबूल करायचं. केशवभटांनी साबुदाण्यालाही रजा दिली. दादामियाँनी इफ्तार नुसत्या खजूर-पाण्यावर उरकायचं ठरवलं. तिन्ही चुली थंड राहिल्या.

दुपारी भरतीबरोबर एक फुटकं गलबत धक्क्याला लागलं. ते वादळात भरकटलं होतं आणि आतली माणसं कित्येक दिवसांची उपाशी होती. एक बाई लेकराला घेऊन कशीबशी इनासच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावरच बसली. लेकराच्या अंगात रडायचंही त्राण नव्हतं.

इनासला पैज आठवली. तो क्षणभर घुटमळला. मग त्याने चूल पेटवली आणि पेज शिजत टाकली.

धूर दिसताच दादामियाँ उड्या मारतच आले. "हरलास!" म्हणायला तोंड उघडलं, तोच ते लेकरू दिसलं. मागून आणखी माणसं एकमेकांना धरून येत होती. एका भांड्याने काय होणार?

दादामियाँ हळूच म्हणाले, "इनास, जरा विस्तव दे. माझीपण चूल पेटवतो."

केशवभटही चिडवायलाच आले होते. ते सगळं पाहून म्हणाले, "दादामियाँ, निखारे सगळे नेऊ नका हो. मलाही लागतील."

तीन घरांतून धूर निघालेला पाहून संध्याकाळी पाटलांसह सारा गाव धक्क्यावर लोटला. गलबतातली माणसं जेवून तरतरीत झाली होती. ते लेकरू आता चांगलं भोकाड पसरून रडत होतं, आणि ते ऐकून सगळ्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू!

"मग, हरलं कोण?" पाटलांनी विचारलं.

"आम्ही तिघंही," केशवभट मान खाली घालून म्हणाले. "आमचे उपास लटके."

पाटील त्या बाईकडे वळले. "बाई, यांच्यापैकी कुणी एक शीत तरी तोंडात टाकलं का?"

"नाही हो. चवसुद्धा बघितली नाही कुणी. पेज पार अळणी झाली होती!"

पाटील खदखदून हसले. "थंड चुलीपाशी उपास कुणीही करील. तुम्ही रटरटत्या पेजेसमोर केलात. तिघंही जिंकलात!"

गलबताच्या तांडेलाने शंख फुंकला आणि साऱ्या गावाने त्या तिघांना खांद्यावर उचललं.

तात्पर्य: उपाशी राहायला सगळेच धर्म शिकवतात, ते दुसऱ्याची भूक कळावी म्हणून. ज्याला ती कळली, त्याचा उपास देवाला पावला.