ठाणाईचा बसायचा वसा

ठाणाईमाते, पाट मांडला आहे. ये, बस आणि आपली कहाणी ऐक.

नदीच्या वळणावर एक नगर होतं. नगरात साळ्यांची आळी होती. आळीत एक घर होतं. घरात सासू होती, दोन सुना होत्या, विणायचे दोन माग होते. थोरली हौसा मागावर बसली की उठायची नाही. धाकटी आवडी बसलीशी वाटेपर्यंत उठलेली असायची.

आवडी वाईट नव्हती. गोड बोलायची, कुणाला कधी नाही म्हणायची नाही. सासू म्हणायची, “आवडे, सुताच्या कांड्या भर.” “आलेच हं, आत्याबाई!” म्हणायची, नि परसदारानं नदीवर जायची. जाऊ म्हणायची, “आवडे, सुताचं टोक धर.” “आलेच हं, जाऊबाई!” म्हणायची, नि शेजारी जायची. नवरा म्हणायचा, “जेवायला वाढ.” “आलेच हं!” म्हणायची, नि विहिरीवर जायची.

एकदा मागावर चढवायचं ओलं सूत दोघी जावांनी आळीभर ताणून धरलं होतं. आवडीनं आपलं टोक सोडलं नि निघून गेली. सगळं सूत धुळीत लोळलं. सासू म्हणाली, “ही सून नव्हे, पाऱ्याची गोळी आहे. चिमटीत धरावी तर सापडत नाही.”

हौसा म्हणाली, “आत्याबाई, हिला मागाच्या धोट्यालाच बांधा. इकडून तिकडं धावेल नि कापड तरी होईल.”

सगळ्या आळीत मोठ्यानं हसली ती आवडीच. हसता हसता दाराबाहेर गेली.

मग मार्गशीर्षातला मंगळवार आला. दारात एक म्हातारी आली. पाय मुरगळलेला, हातात काठी. म्हणाली, “लेकी, पाय फार दुखतो ग. घटकाभर माझ्याजवळ बैस.” आवडी म्हणाली, “आजी, दूध उतू जाईल, आलेच हं!” घरात दुधाचा थेंब नव्हता. दुसऱ्या मंगळवारी म्हातारी आली. “लेकी, एकटीला घास उतरत नाही. जवळ बैस.” आवडी म्हणाली, “आजी, विहिरीत दोर सोडून आले आहे, आलेच हं!” दोर खुंटीला होता. तिसऱ्या मंगळवारी म्हातारी आली. “लेकी, डोळा लागायची भीती वाटते. उशाशी बैस.” आवडी म्हणाली, “आजी, माझी सगुणी रडतेय, आलेच हं!”

सगुणी ही आवडीची एकुलती लेक. ती तिथंच ओसरीवर चिंचोके खेळत होती. तिनं मान वर करून पाहिलं. म्हणाली, “मी कुठं रडतेय?”

म्हातारी काठी टेकून उठली. “तुला सुटून जायला आवडतं ना? जा बाई, सुटलीस. तुला कुणी धरायचं नाही, नि तुझं बूड कुठं टेकायचं नाही.”

ती ठाणाई होती. आवडीनं ओळखली नाही.

पहिल्यांदा आवडीला बरं वाटलं. सासू कांड्या भरायला तिला बोलावीना. हौसा सुताचं टोक खुंटीला बांधू लागली. नवरा हातानं वाढून घेऊ लागला. मग काय झालं? आवडी जेवायला बसली, पाय उठले. मागावर बसली, पाय उठले. अंथरुणावर पडली, पाय उठले. पायाला जशी भिंगरी लागली. वेशीपर्यंत जाई, परत येई. नदीपर्यंत जाई, परत येई. आळीतल्या बाया बोलत बसलेल्या असत, ती आली की बोलणं थांबवत नसत, सरकून जागाही देत नसत. ही काय, आता जाईलच, असं धरूनच चालत.

तों सगुणीला ताप आला. अंग भट्टीसारखं तापलं. वैद्यानं काढा दिला. म्हणाला, “काढा काम करील, पण पोर घाबरली आहे. हात सुटला की दचकते, दचकली की ताप चढतो. हात धरून कुणीतरी बसा.”

हौसा बसली. सगुणीनं हात सोडवून घेतला. “काकू नको. आई.”

आवडी धावत आली. बसली, हात धरला. पाय उठले, ती उठली. सगुणी म्हणाली, “आई, बैस ना.” पुन्हा बसली, पुन्हा उठली. पोर म्हणाली, “आई ग, बैस ना.” तिसऱ्यांदा बसली, तिसऱ्यांदा उठली. मग सगुणीनं भिंतीकडे तोंड केलं. हाक मारायचीच सोडून दिली.

ते आवडीला सोसलं नाही. सासू रागावली असती तर सोसलं असतं. रडत निघाली ती नदीच्या घाटावर आली. तिथं तीच म्हातारी ऊन खात बसलेली. आवडी पाया पडायला वाकली, तर पाय पुढे निघाले. म्हातारीभोवती फिरायला लागली. फिरता फिरता बोलायला लागली.

“आजी, माझी पोर जाते हो!”

“प्रदक्षिणा बरी घालतेस,” म्हातारी म्हणाली.

“प्रदक्षिणा नाही हो आजी, पाय थांबत नाहीत. काय करू सांगा.”

“वसा घे.”

“कसला?”

“बसायचा. पण तू घेशील नि निसटशील.”

“घेईन, नि निसटणार नाही.”

“मग ऐक. मंगळवारी नाहून धुऊन पाट मांडावा. ज्याला आपली गरज आहे त्याच्या जवळ बसावं. खोटी सबब सांगू नये. जायचं नसेल तिथं सरळ नाही म्हणावं. ज्याच्यासाठी बसलो, तो ऊठ म्हणेल तेव्हा उठावं.”

“नि माझे पाय?”

“पाय ओढतील. मी काही ते बांधून देणार नाही. ते तुझं तू बघ.”

तो मंगळवारच होता. आवडी घरी आली, नाहली, लेकीच्या उशाशी पाट मांडला. बसली. सगुणीचा हात हातात घेतला.

मग पाय ओढू लागले. तळव्यांना निखारे लागल्यासारखं झालं, पोटऱ्यांतून मुंग्या धावल्या, गुडघे आपले आपण वर आले. आवडीनं ते पदरानं आवळून धरले. बसून राहिली.

मग आळीत आरडाओरडा झाला. नगरच्या राणीची पालखी आली होती, राणी चौकात साड्या नि खण वाटत होती. हौसा आत आली. “जा, तुझ्या पसंतीचा खण घेऊन ये. मी बसते इथं.” आवडी म्हणाली, “नाही जाणार, जाऊबाई.” हौसा बघतच राहिली. आवडीच्या तोंडून नाही हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता.

मग दारात काठी वाजली. “आवडे, मी आले आहे. तहान लागली. पाणी दे, पाय धू. मी ठाणाई. वसा मी दिला, मीच सोडवते. ऊठ.”

आता मात्र आवडी घाबरली. उठावं तर पोर दचकेल. न उठावं तर देवी कोपेल. जुना शब्द ओठांवर आला. तेवढा टाकला की देवीही खूश, आपणही मोकळी! आजवर अशीच सुटत आली होती. सगुणीची बोटं तिच्या बोटांत होती, गरम, घामेजलेली. आवडीनं तो शब्द गिळला.

“आई ठाणाई, मी येत नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पोरीवर नको. माठ उंबऱ्याजवळ आहे. पाणी आपल्या हातानं घ्या.”

मग माठाचं झाकण वाजलं. म्हातारीनं पाणी घेतलं, प्यायली, आत आली, नि पोरीच्या पायथ्याशी भुईवर बसली.

“आज कुठं माझ्याजवळ बसलीस,” म्हणाली.

आवडीनं मान खाली घातली. वर पाहिलं तर पायथ्याशी कुणी नव्हतं. सगुणीच्या कपाळावर घाम फुटला होता. अंग निवत होतं. उन्हं कलेपर्यंत पोर गाढ झोपली. मग डोळे उघडून म्हणाली, “आई, किती वेळ बसलीस! ऊठ की आता. मला भूक लागली, पेज कर.”

आवडी उठायला गेली, तर उठवेना. दोन्ही पाय बधिर, लाकडासारखे! “आत्याबाई, हात द्या हो!” म्हणून ओरडली. सासू आली, हौसा आली. दोघींनी काखेत हात घालून उभी केली, तशी ती पुन्हा मटकन पाटावर बसली. सासू पदरात तोंड घालून हसली, हौसा हसली, सगुणी हसली. मग सासू म्हणाली, “बैस, बाई, बैस. पेज मी करते.” आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूनं सुनेचे पाय चोळले.

ठाणाई आवडीजवळ बसली, तशी तुमच्या आमच्या दुखण्याखुपण्यात उशाशी बसो. साठ बोलांची ही कहाणी, पाच बोलांत सांगितली. सांगणारीला फळो, ऐकणारीला फळो, ठाणाईच्या पायी पुरी होवो.