आबनुसाची पांढरी खाच

हे मी सांगायचं नव्हतं. झाडाच्या आत काय आहे ते पाहुण्यांना कळू देऊ नये, असं आत्या म्हणते. पण तुम्ही एवढा चढ चढून आलात आणि खाचेवर हात ठेवून विचारलंत, म्हणून सांगते, आई आणि आत्या मागून वर पोचेपर्यंत.

हे आबनुसाचं झाड. मॉरिशसच्या या उंच पठारावर पूर्वी यांचं रान होतं म्हणे. आता हे एकटंच उरलंय. याचा गाभा काळाभोर असतो, आणि त्या काळ्यासाठीच ही झाडं तोडली गेली. तोडण्याआधी खोडाला खाच पाडून आतला रंग बघायचे.

आमचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या कामाला आले. त्यांच्यात भिवरा होती. तिचं तान्हं मूल इथे गेलं. या परक्या मातीत आमच्यापैकी पहिलं तेच पुरलं, या झाडाखाली. पुढे तोडीचा हुकूम आला, आणि कुऱ्हाड तिच्याच नवऱ्याच्या, रावजीच्या हाती दिली.

त्या सकाळी ढग असेच जमिनीपर्यंत उतरले होते. भिवरेने खोडाला मिठी मारली आणि हळूच म्हणाली, "तुझं काळं लपव. पांढरं माझ्याकडून घे. म्हातारपणी माझ्या केसांत जेवढं यायचं असेल, तेवढं सगळं तुझं."

मुकादम हसला. "भिवरे, भाकरी नवऱ्याला आणलीस की झाडाला?"

रावजीने डोळे मिटून घाव घातला. आत धुक्यासारखं पांढरं लाकूड दिसलं.

"हात्तिच्या, आत तर नुसतं ताक!" मुकादम म्हणाला. "सोडा हे, पुढचं बघा."

भिवरा नव्वद वर्षं जगली आणि तिचा एकही केस पिकला नाही, असं सांगतात. ती गेली त्या दिवशी मात्र खाचेच्या कडा काळ्या पडू लागल्या. तेव्हा तिच्या सुनेने आपला पहिला पांढरा केस उपटून खाचेत ठेवला. काळं तिथेच थांबलं.

आजही आमच्या वस्तीतली प्रत्येक बाई आपला पहिला पांढरा केस इथे आणते. आत्या आता केस रंगवते, पण पहिला तिनेही इथेच ठेवला. ही कडेची काळी रेघ बघा. यंदा ती बोटभर वाढली आहे, कारण वस्तीत बायका थोड्याच उरल्या. मला रोज भीती वाटायची. पण आज सकाळी आईची वेणी घालताना तिच्या भांगात मला एक—

"मालिनी! कुणाशी बोलत बसलीस गं? वारा सुटलाय. ये, आईची मूठ धर, केस उडून जाईल!"