नदीत घालायचे बूट

एका गावात एक संभूआप्पा राहायचा. नदीकाठचं गाव, डोंगरातून उड्या मारत येणारी नदी, आणि आप्पाला नाद एकच, गळाचा. गांडूळ लावून काठावर पेंगत बसणाऱ्यांतला तो नव्हे हं. कोंबड्याच्या पिसाची खोटी माशी तो स्वतः वळायचा, बारीक दोऱ्यानं गळाला बांधायचा आणि पाण्यावर अशी नाचवायचा, की मासा फसलाच पाहिजे. या नादात त्याला एक जोडीदार होता, लिंबाजी. दोघं लहानपणापासूनचे मित्र. एकानं तंबाखू मळावी आणि दुसऱ्यानं ती हातातून उचलावी, असं त्यांचं गूळपीठ.

पण मासा शहाणा. तो राहायचा मधल्या धारेत. काठावरून पीस तिथवर पोचत नसे, म्हणून गुडघाभर पाण्यात खडकांवर उभं राहावं लागे. खडक शेवाळानं बुळबुळीत आणि दोघांचीही साठी उलटलेली. त्या हिवाळ्यात आप्पा नदीत चांगलाच आपटला, तेव्हा त्याची बायको तानूबाई म्हणाली, "पाण्यात उभं राहायचे बूट आणा, नाहीतर तुमची काठी चुलीत जाईल." तानूबाई बोलली की करून दाखवायची. आप्पानं निमूट पिशवी उचलली आणि लिंबाजीला घेऊन तालुक्याचा बाजार गाठला.

दुकानात लिंबाजीनं जे काही चालवलं, ते बघून आप्पाला लाज वाटायला लागली. पठ्ठ्यानं घरून जाड लोकरी मोजे आणले होते. नदीत तेच घालायचे, मग बूटही त्यावरच घालून बघायचे, असं त्याचं म्हणणं. शिवण दुहेरी आहे का, ते त्यानं अंगठ्यानं ताणून पाहिलं. बोटं आत हलतात का ते पाहिलं. मग दुकानामागच्या न्हाणीत जाऊन ओल्या फरशीवर उभा राहिला. शेवटी त्याला पसंत पडले ते जाडेभरडे, मातकट रंगाचे बूट. त्यांच्या तळाला दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा थर होता, म्हणजे शेवाळावर पाय धरून राहावा.

"लिंबा, पायांत भोपळे घातलेस की काय?" आप्पा म्हणाला.

आप्पाची नजर मघापासून वरच्या फळीवर होती. तिथं काळे, गुडघ्यापर्यंत येणारे, आरशासारखे चकचकीत बूट उभे होते. बसल्या बसल्याच त्यानं ते चढवले. जरा आवळत होते, पण दुकानदार म्हणाला, "पाय कसा रुबाबदार दिसतोय बघा." झालं! आप्पा घरी निघाला तो तेच घालून, आणि तेही भर गावातून, मुद्दाम लांबच्या वाटेनं. लोकांनी वाहवा केली. आप्पाची मान काही दारात शिरेपर्यंत खाली आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पाण्यात उतरले. लिंबाजी मधल्या खडकावर खांबासारखा उभा राहिला. आप्पानं पहिलं पाऊल टाकलं आणि बूट तेलावरून जावा तसा सरकला. दुसरं टाकलं आणि टाच अशी सोलली, की डोळ्यांत पाणी आलं. तो कसाबसा काठावर परतला, दगडावर बसला आणि बूट काढले.

"काय रे आप्पा, काढलेस का?" लिंबाजीनं धारेतून विचारलं.

चावतात रे, एवढंच म्हणायचं होतं. जिवलग मित्र समोर, तिसरं कोणी विचारणारं नाही. पण कालची वाहवा आप्पाच्या कानांत अजून गुंजत होती, आणि लिंबाजीच्या बुटांना 'भोपळे' म्हणून झालं होतं. तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "नदी म्हणजे आपली आई, लिंबा. आईच्या अंगावर बूट घालून उभं राहणं मला काही जमेना."

वरून कीर्तन आणि आतून तमाशा, दुसरं काय!

लिंबाजी भोळा माणूस. नदीला हात जोडल्याशिवाय तो कधी पाण्यात उतरत नसे. त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्याचं लक्षच लागलं नाही. काठावर धुणं धुणाऱ्या बायांनी मात्र आप्पाचे शब्द ऐकले होते. संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं, आप्पासारखा भाविक माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. आप्पाला ते गोड लागलं. रात्री तानूबाईनं त्याच्या टाचेला तेल लावताना एवढंच विचारलं, "भक्तीनं टाच सोलते होय?" आप्पानं कूस बदलली आणि घोरायचं सोंग केलं.

सकाळी लिंबाजी नदीवर आला तो अनवाणी.

आप्पानं त्याच्या उघड्या पायांकडे पाहिलं. अजूनही वेळ गेली नव्हती. पण लिंबाजी इतक्या भक्तीनं बघत होता, की आप्पाच्या तोंडून निघालं, "बरं केलंस."

लिंबाजीनं नदीला नमस्कार केला आणि मधल्या धारेकडे चालू लागला. खडकावर पाय ठेवला मात्र, तो घसरला. घोटा दोन दगडांच्या बेचक्यात अडकून पिरगळला, मग सुटला, आणि पाणी त्याला खालच्या डोहाकडे ओढायला लागलं. पोहणाऱ्यालाही डोह सोडत नसे, आणि लिंबाजीचा तर एक पाय गेलेला. आप्पा धावला. तोही घसरला. मग त्यानं पाण्यातच बैठक मारली, एका धोंड्याला दोन्ही पाय रेटले आणि गळाची लांब काठी पुढं केली. लिंबाजीच्या हाताला ती लागली. आप्पानं ओठ चावत त्याला इंचाइंचानं ओढून काठावर आणलं.

लिंबाजीचा घोटा भोपळ्याएवढा सुजला. धापा टाकत तो हळूच म्हणाला, "आप्पा, आई रागावली रे माझ्यावर. काल बूट घालून तिच्या अंगावर उभा राहिलो ना. आता मी पुन्हा पाण्यात यायचा नाही."

आता बघा, गप्प बसायला याहून सोयीची वेळ कुठली? चूक लिंबाजीनंच आपल्या अंगावर घेतलेली. गावात मान होताच, त्यात मित्राचा जीव वाचवल्याची भर पडली असती. आप्पानं ते सगळं मनात तोलून पाहिलं, खोटं कशाला सांगू? पण ज्याच्याबरोबर सारा जन्म नदीत काढला, तो आता स्वतःला पापी समजून घरात बसणार, हे त्याला बघवेना.

"आई नाही रागावली," तो म्हणाला. "माझे बूट चावत होते."

"म्हणजे?"

"चावत होते आणि घसरतही होते. नुसते दिसायला बघून घेतले. ते सांगायची लाज वाटली म्हणून मी आईला मध्ये घातलं. तुझे बूट चांगले होते, लिंबा. तू ते माझ्यामुळं काढलेस."

लिंबाजीनं मान नदीकडे फिरवली. आप्पाला वाटलं, संपलं, आता हा माझं तोंड बघणार नाही.

"म्हणजे आई माझ्यावर रागावलेली नाही?"

"नाही रे."

"मग पाय बरा झाला की मी परत येऊ शकतो?"

"येऊ शकतोस."

"तर मग गाढवा, हे कालच सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?" लिंबाजी म्हणाला. आप्पा लहान पोरासारखा रडत होता. जरा वेळानं लिंबाजीनं हात वर केले. "घे पाठीवर. गावातून ने. आणि वाटेत जो विचारेल, त्याला काय झालं ते तूच सांगायचं. मी बोलणार नाही."

आप्पानं त्याला पाठीवर घेतलं. पहिल्याच दारात विचारणा झाली. आप्पा अडखळला, घाम पुसला आणि म्हणाला, "माझे बूट चावत होते, ते मी लपवलं. म्हणून याचा पाय मोडला." पुढच्या दारात तेच. पारावर तेच. कोणी हसलं, कोणी तोंड फिरवलं. तानूबाई दारात उभी होती. तिलाही त्यानं तेच सांगितलं, आणि ती पदर खोचून पुढं वाट करून द्यायला निघाली. गाव मागं पडत गेलं, तसा आप्पाचा आवाज खणखणीत होत गेला.

लिंबाजीच्या दारात त्याची म्हातारी बहीण उभी होती. आप्पानं तोंड उघडलं, एवढ्यात पाठीवरून लिंबाजी म्हणाला, "राहू दे आता. अक्काला मी सांगतो."

तात्पर्य: बूट घ्यावा तो पायाला विचारून, आणि चावला तर चावला म्हणावं. चुकीचा बूट फार तर आपली टाच सोलतो. ती चूक झाकायला आणलेला मोठेपणा दुसऱ्याचा पाय मोडतो.