शेंदराखालचा शिपाई

गावांच्या वेशी शाबूत होत्या, त्या काळची गोष्ट. "वेशीवरचा दगड म्हणे माणसं गिळ..." एवढंच साळुंकीच्या कानी पडलं आणि बोलणारी कावळी उडून गेली. अर्धवट ऐकलेलं साळुंकीला पचतंय थोडंच! ती तडक त्या शेंदरी दगडापाशी गेली.

"कोण रे बाबा तू?"

"मी वीरगळ," आतून घुसमटलेला आवाज आला. "गाव राखताना पडलेल्या शिपायाची आठवण म्हणून मला कोरलं. पुढं लोक देव समजून शेंदूर फासू लागले. ताई, त्याचा चेहरा तेवढा मोकळा कर. उद्या जत्रा आहे, कुणीतरी ओळखेल."

साळुंकीनं दिवसभर चोच झिजवली. शेवटी शेंदराची खपली पडली आणि मिसरूडही न फुटलेलं एक पोर बाहेर बघू लागलं.

सकाळी गुरव नारळ घेऊन आला, तो किंचाळलाच, "देव कोपला! शेंदूर आणा, तेल आणा!"

बायाबापड्यांनी घाबरून हात जोडले. गुरवानं तेलात कालवलेला शेंदूर डोळ्यांवर थापला, मग ओठांवर.

"माझं नाव..." ओठ बोलले आणि बुजले.

साळुंकी पुन्हा त्या दगडावर बसली नाही. कावळीला मात्र तिनं गाठून सांगितलं, "माणसं नाही गं, एकच. आणि तोही दगडानं नाही गिळला."