आडबंदरचा न पडलेला घाणा

तुम्ही पुलावरून आलात, म्हणजे आमचा जुना धक्का तुम्हाला वरून दिसलाच असेल. फोटोही काढले असतील. पुलावर गाडी थांबवू नये अशी पाटी आहे, पण ती वाचायची सवय कुणाला नाही. तर त्या धक्क्याच्या पायऱ्या जिथे संपतात तिथे एक कौलारू, बंद इमारत आहे. दारावर नाव होतं, आता नुसता रंगाचा पापुद्रा उरला आहे. ते ‘श्री सातेरी उपाहारगृह’.

वर्षातून एकदा, पौषातल्या वद्य पंचमीला सकाळी, आम्ही गावकरी ते उघडतो. चूल पेटवतो, कढई ठेवतो, तेल तापवतो, बेसन भिजवतो, कांदा चिरतो. आणि काही तळत नाही. तेल उतरवून ठेवतो, भिजवलेलं पीठ खाडीत सोडतो आणि घरी जातो. गेल्या वर्षी एक पाहुणे मला म्हणाले, “गुरव, तुमच्या गावचे लोक जरा येडेच दिसतात.” मी म्हटलं, असतील. पण येडेपणालाही काही कारण असतं, ते ऐकून मग ठरवा.

मी सातेरीच्या देवळातला गुरव. माझे वडील गुरव, त्यांचे वडील गुरव. त्यामुळे जे सांगतो त्यातलं अर्धं ऐकलेलं आहे आणि अर्धं पाहिलेलं. ऐकलेलं आधी सांगतो.

फार पूर्वी इथे पूल नव्हता हे सांगायला नको. पलतडला, म्हणजे खाडीपलीकडे, बाजार, पलतडला वैद्य, पलतडलाच कचेरी. जायचं तर होडीने. ते उपाहारगृह काढलं बाबल मिठबावकर नावाच्या माणसाने. तेव्हा ती नुसती झापांची खोपी होती, असं सांगतात. बाबलच्या हाताला भजीची चव होती. होडीतून भिजून, कुडकुडत उतरलेल्या माणसाच्या हातात तो गरम भजी ठेवायचा आणि मग विचारपूस करायचा. आधी पोट, मग पत्ता, असं त्याचं म्हणणं.

पौषात खाडीवर धुकं उतरतं. असं उतरतं की होडी हाकणाऱ्या तांडेलाला आपल्याच होडीचं टोक दिसत नाही. आणि धक्क्याच्या अलीकडे, उजव्या अंगाला खडपं, म्हणजे टोकदार खडक, आहेत. भरतीच्या पाण्यात ती बुडालेली असतात, म्हणून अधिकच वाईट. तेव्हा धुक्याच्या दिवशी बाबल एक रिकामी लोखंडी कढई दारात टांगायचा आणि झाऱ्याने बडवत राहायचा. त्या आवाजावर तांडेल होडी आणायचा. होडी पायरीला लागली की आवाज थांबायचा. आवाज थांबला म्हणजे धक्का आला, हे लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं.

एका पौषात बाबलचा धाकटा भाऊ लग्न करून पलतडहून येत होता. होडीत नवी नवरी, वऱ्हाडातली माणसं, वाजंत्री. सकाळची वेळ आणि धुकं दाट. बाबल कढई बडवत उभा होता. पलीकडून तांडेलाची “होऽऽऽ” अशी हाळी आली. अगदी जवळून आली, म्हणे. धुक्यात आवाजाला अंतर नसतं, हे बाबलला कळत नव्हतं असं नाही. पण आनंदात माणूस शहाणपण विसरतो. त्याला वाटलं, आली होडी, लागलीच पायरीला. नवी भावजय घरात पहिलं पाऊल टाकायच्या आत तिच्या हातात गरम भजी पडली पाहिजे. चुलीवरच्या कढईत तेल तापलेलं होतं. त्याने झारा खाली ठेवला, पिठात हात घातला आणि घाणा टाकला.

कढईत भजी फुलली. होडीत लोकांना आवाज थांबलेला कळला. धक्का आला म्हणून तांडेलाने वल्हं सैल सोडलं, बायका उतरायला उभ्या राहिल्या. भरतीचा ओढा उजवीकडे, खडपांकडे होता.

एकटा तांडेल पोहत आला. पायरीवर बसून तो बाबलला म्हणाला, “बाबल, तुजो आवाज थांबलो. आमका वाटला, धक्को इलो.” त्याने ठपका ठेवला नाही, जे झालं ते सांगितलं. सांगणारे सांगतात की त्या वेळी चुलीवरचा घाणा करपून काळा झाला होता आणि त्याचा वास बाबलच्या अंगाला शेवटपर्यंत येत होता. हे खरं की खोटं, मला माहीत नाही.

तेरावं झाल्यावर बाबल सातेरीच्या देवळात आला आणि देवीपुढे बोलला: होडीतला शेवटचा माणूस पायरीवर पाऊल ठेवीपर्यंत आणि तांडेल ‘सगळे इले’ म्हणेपर्यंत ह्या कढईत घाणा पडणार नाही. माझ्या हातून नाही, माझ्या मुलानातवंडांच्या हातूनही नाही. बोलताना माझे पणजोबा समोर होते, असं आमच्या घरात सांगतात.

आता पाहिलेलं सांगतो.

माझ्या लहानपणी उपाहारगृह बाबलच्या नातवाकडे होतं. गजानन त्यांचं नाव, सगळे गजाभाव म्हणायचे. आईबरोबर पलतडच्या बाजाराला जायचं म्हणजे मला बाजाराचं काही नसायचं, परतताना गजाभावांची भजी मिळणार हेच मोठं. होडी लागली की आम्ही पोरं उड्या मारून बाकावर जाऊन बसायचो. तेल धुरायला लागलेलं, कांद्याचा वास नाकात, पोटात कावळे ओरडताहेत, आणि गजाभाव मात्र दारात. एक हात चौकटीवर. पायरीकडे बघत. एखादी म्हातारी गाठोडं सांभाळत, एकेक पाय टाकत उतरतेय, आणि आमचा जीव कासावीस. मी कुरकुरलो की आई म्हणायची, “दम धर. आपा तांडेल अजून उतराक नाय.”

मग गजाभाव विचारायचे, “सगळे इले?”

आपा तांडेल होडीचा दोर खांबाला बांधून म्हणायचा, “सगळे इले!”

आणि कढईत पहिली भजी पडायची. तो चर्र आवाज! देवळात इतकी वर्षं आरत्या ऐकल्या, पण त्या आवाजाने अंगावर जसा काटा यायचा तसा आरतीने कधी आला नाही. देवी मला क्षमा करो. केळीच्या पानाच्या तुकड्यावर चार-पाच भजी, वर तळलेली मिरची आणि कडेला मीठ. जीभ भाजायची. सुमतीवैनी, म्हणजे गजाभावांची बायको, पाण्याचा पेला पुढे सरकवून म्हणायच्या, “फुक मार रे, फुक मार. भजी खय पळान जातत?” त्या खुर्च्या, ती धुराने काळी झालेली भिंत, बाहेर खाडी. त्याहून चांगली जागा मी नंतर पाहिली नाही, आणि मी मुंबईतही राहिलो आहे.

मग पूल झाला. पुलाला आम्ही कुणी नाही म्हटलं नव्हतं. आजारी माणसं होडीत दगावलेली आम्ही पाहिली होती. पण पूल झाला आणि महिन्याभरात होडी बंद पडली. एसटी पुलावर थांबायला लागली. तिथे टपऱ्या आल्या. सकाळीच तळून कागदाखाली ढीग करून ठेवलेली भजी, गार आणि तेलकट, पण आयती. येणारा घाईत असतो, त्याला तेच बरं.

गजाभावांच्या उपाहारगृहात चहा होता, उसळ होती. पण नुसत्या चहासाठी पुलावरून खाली कोण उतरतो? लोक भजी मागायचे. आणि गजाभाव म्हणायचे, “होडी नाय लागली.” बाहेरगावच्यांना वाटायचं, हा माणूस चेष्टा करतो. बाकावरून उठून लोक टपरीकडे जायचे. होडी नाही म्हणजे तांडेल नाही, तांडेल नाही म्हणजे ‘सगळे इले’ म्हणणारं कुणी नाही. म्हणजे घाणा नाही. आजोबांनी बांधलेल्या गाठीत नातू असा अडकला.

सुमतीवैनींनी रडून सांगितलं, भांडून सांगितलं. शेवटी गावाने ठरवलं की देवीला कौल लावायचा. बोलणं देवीपुढे झालं होतं, तर सोडवणारीही तीच. कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर होकार. माझ्या वडिलांनी पाकळ्या लावल्या, मी शेजारी तबक धरून उभा होतो. वडिलांनी विचारलं, “आई, मिठबावकराच्या घराण्याक ह्या बोलण्यातून मोकळा करतंस काय?” प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. इतका चटकन पडलेला कौल मी पुन्हा पाहिला नाही. सुमतीवैनी तिथेच फरशीवर बसून हुंदके द्यायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी आली तेव्हा अर्धा गाव उपाहारगृहासमोर. वैनींनी पीठ भिजवलेलं, तेल धुरलेलं. चालक-वाहक आणि उतारू हौसेने खाली आले. गजाभावांनी पिठात हात घातला, मूठ कढईवर नेली, आणि सवयीने दाराकडे बघून विचारलं, “सगळे इले?”

वाहक हसून म्हणाला, “आले हो आले, टाका लवकर, गाडी सुटायची वेळ झाली.”

गजाभावांची मूठ कढईवर तशीच राहिली. पीठ बोटांतून ओघळून चुलीच्या कडेला पडत होतं. वैनी म्हणाल्या, “देवीन होय म्हटल्यान. आता काय बघतास?”

गजाभाव म्हणाले, “देवीन माका सोडल्यान, सुमती. पाण्यातल्यांनी सोडल्यानी काय, ता कोणाक इचारू?”

त्यांनी हात धुतला आणि कढई उतरवली. त्या पावसाळ्याआधीच उपाहारगृह बंद झालं. काही लोक म्हणाले, हट्टी माणूस, स्वतःच्या हाताने धंदा बुडवला. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. मला भजी हवी होती, एवढंच. पुढे त्यांना जाळी विणताना धक्क्यावर बसलेलं पाहायचो आणि राग कुठे गेला ते कळलं नाही.

काही वर्षांनी, पौषातच, वद्य पंचमीच्या सकाळी, गजाभावांचं तेरावं होतं. आपा तांडेल तेव्हा म्हातारा झालेला, होडी शेवाळून पडलेली. त्याने ती चार जणांकडून दुरुस्त करून घेतली. म्हणाला, गजाभावाच्या नावाने त्या चुलीवर एक घाणा पडलाच पाहिजे, आणि नियमाने पडला पाहिजे. सगळा गाव पुलावरून पलतडला चालत गेला आणि खेपाखेपाने होडीतून परत आला. पूल डोक्यावर आणि आम्ही खालून वल्हवत. वरून एसटीतले लोक वाकून बघत होते. मी शेवटच्या खेपेत होतो. म्हाताऱ्यांचा हात धरून एकेकाला पायरीवर उतरवलं. आपाने दोर बांधला. सुमतीवैनी पिठात हात घालून, कढईपाशी उभ्या होत्या. आम्हा सगळ्यांना आज भजी मिळणार होती, आणि त्या दिवशी ती मिळणं फार गरजेचं होतं असं वाटत होतं.

वैनींनी विचारलं, “सगळे इले?”

आपा तांडेलाने तोंड उघडलं. आयुष्यभर दिलेलं उत्तर, जिभेवर बसलेलं. त्याने दाराकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

“वैनी,” तो म्हणाला, “एक ऱ्हवलो.”

वैनींनी पिठातला हात बाहेर काढला. तेल उतरवलं. पीठ टाकायचं कुठे म्हणून खाडीत सोडलं. जेवण न करताच माणसं घरी गेली.

आजही त्या तिथीला आम्ही पलतडला जातो आणि होडीने परत येतो. होडी नवी आहे, माणसं दर वर्षी कमी होतात. आपा गेला, सुमतीवैनी गेल्या, मिठबावकरांच्या घरात मागे कुणी उरलं नाही. प्रश्न कुणीतरी विचारतं, आणि उत्तर कुणी देत नाही, कारण यायच्या राहिलेल्यांची संख्या आता आलेल्यांहून मोठी झाली आहे. असं चालत आलं, आणि मला वाटलं होतं हे असंच चालेल.

पण परवाच्या पंचमीला मुंबईहून एक तरुण आला होता. आपा तांडेलाचाच पणतू. चांगला मुलगा, बिचाऱ्याला सुट्टी एका दिवसाची. प्रश्न झाला. त्याने जरा वाट पाहिली आणि मग म्हणाला, “आले ना सगळे. टाका आता.”

तांडेलाच्या घरातल्याच माणसाने ‘सगळे आले’ म्हटलं होतं. आता अडवणारं काही उरलं नव्हतं. देवीचं नाही, बोलण्याचं नाही. तेल धुरत होतं, पीठ भिजलेलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. बायका पुरुषांकडे, पुरुष बायकांकडे. तो मुलगा विचारत होता, “काय झालं?”

झालं काहीच नव्हतं. मिठबावकरांच्या त्या कढईत घाणा टाकणारा हात आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.