तेलाच्या भिंतीतलं कुलूप

देहांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एक पेशी होती. तिची भिंत तेलाची, पातळ, सतत हलणारी. त्या भिंतीत एक कुलूप रुतलेलं होतं. रोज बाहेरून निरोप्या यायचा, कुलपात बोट घालायचा आणि म्हणायचा, "आजचा दिवस जगा." आत घर पाडणारा म्हातारा पहार घेऊन बसलेला असे. निरोप आला की तो पहार खाली ठेवायचा.

कुलूप भिंतीला म्हणायचं, "निरोप ओळखतो मी. तू नुसती अंगाला चिकटतेस. सोड मला!"

"अरे, मी दाबून धरते म्हणून तुझा आकार टिकतो," भिंत समजावायची. शेवटी रोजच्या कटकटीला कंटाळून तिने अंग सैल केलं. कुलूप बाहेर तरंगलं.

दुसऱ्या दिवशी निरोप्याचं बोट कुलपात शिरेना.

"मीच तो!" कुलूप म्हणालं.

"असशील. पण तुझं तोंड मिटलंय."

निरोप्या भिंतीबाहेरून हाका मारू लागला. भिंतीला कान असतात म्हणतात. हिला एकच होता, आणि तो बाहेर तरंगत होता.

आत म्हाताऱ्याने बराच वेळ वाट पाहिली. मग पहार उचलली आणि कुणावरही न रागावता एका कोपऱ्यापासून सुरुवात केली.